आईचे किडे

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. चालायला लागल्यापासून ती एका जागी म्हणून ठरली नाही, तेव्हा हे नाव पडलं आणि चिकटलं. चाळिशी उलटली, कपाळावरचे केस पिकले, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवायची नोकरी पक्की झाली, तरी ती भिंगरीच राहिली. चहा उभ्याने प्यायची, फोनवर बोलताना खोलीभर फिरायची, जेवताना चार वेळा उठायची. "हिला बसून जेवलेलं बघायला मी मरायच्या आधी तरी मिळेल का?" असं आई म्हणायची आणि तीच मग हसायची.

पण हल्ली भिंगरीचं फिरणं निराळं होतं. आधी ती स्वभावाने फिरायची, आता घरात पाऊल ठेवलं की तिच्या जिवाची घालमेल व्हायची. आईच्या अंगावर काहीतरी चालत होतं. निदान आई तसं म्हणत होती.

आई रफूचं काम करायची. कुणाच्या कोटाला ठिणगीने पडलेलं भोक, कुणाची खिळ्याला अडकून फाटलेली पँट, असलं काही आलं की ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढायची आणि भोक असं भरायची, की मालकालाच ते शोधत बसावं लागायचं. खिडकीपाशी तिची खुर्ची होती, कारण उजेड तिथेच होता. त्या खुर्चीत तिची अर्धी हयात गेली होती. आता मात्र काम करता करता ती मध्येच सुई कापडात खोचून ठेवायची, डावी बाही वर सारायची आणि दंड झटकायची.

"चाललं बघ."

"काय चाललं?"

"काहीतरी. हे आत्ता इथे होतं."

भिंगरी वाकून बघायची. दंडावर काही नसायचं. खाजवून खाजवून उठलेले लाल ओरखडे तेवढे असायचे.

डॉक्टरकडे जाताना आईने काडेपेटीत पुरावा भरून नेला होता. डॉक्टर माणूस चांगला. हसला नाही, घाई केली नाही, काडेपेटीतला ऐवज पांढऱ्या कागदावर ओतून भिंगाखाली नीट बघितला. निघाले दोऱ्यांचे तंतू आणि कातडीचे पापुद्रे. मग त्याने आईला बाहेर बसायला सांगितलं आणि भिंगरीला आणि तिच्या दादाला जवळ बोलावलं. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाला, पण असा डबीत पुरावा भरून आणणं हे पुष्कळदा या दुखण्याचंच लक्षण असतं. किडा कातडीवर नाही, मनात आहे. गोळ्या लिहून देतो. झोप येईल, हात जड पडतील, सुईचं काम जमणार नाही. आणि त्यांना दिवसभर एकटं ठेवू नका.

दादा मोठा. शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकोमुलांसह राहायचा, फोनवरून सल्ले द्यायचा आणि बहिणीच्या मते जन्मभर उंटावरून शेळ्या हाकत आला होता. पण या वेळी तो उंटावरून उतरला. "रविवारी येतो आणि आईला घेऊन जातो," तो म्हणाला. "तू दिवसभर दुकानात. उद्या तिने सुईने हात टोचून घेतला तर? तिकडे घरात कुणी ना कुणी असतं. काम पुरे झालं आता तिचं."

आईला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी तिकडे जाऊन काय करू? भिंती मोजू?" आणि तिने सुई उजेडात धरून दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात ओवला, पण मग कापड न उचलता सुई तशीच धरून बसली.

ते भिंगरीला बघवलं नाही. तिने तिथल्या तिथे दादाला फोन लावला आणि तोंडातून शब्द निघून गेले, "रविवारपर्यंत थांब. मी किडा धरून दाखवते तुला."

"आणि नाही सापडला तर?"

"तर ने."

बोलून बसली खरी. फोन ठेवल्यावर घामच फुटला. पण आईने ते ऐकलं होतं आणि आईच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रक्त आल्यासारखं दिसलं. मग माघार कुठली घेणार!

शाळेत असताना विज्ञानाच्या बाईंनी पालापाचोळ्यातले किडे वेगळे काढून दाखवले होते, ते तिला आठवलं. किड्याला उजेड नको, धग नको, कोरडं नको. वरून दिवा लावला की तो खाली खाली पळतो आणि खाली आपण बाटली घेऊन बसलेले असतो. एवढीच त्यातली अक्कल. तिने पाण्याची मोठी प्लॅस्टिकची बाटली घेतली, खांद्याखाली कात्रीने गोल कापली, वरचा भाग उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवला. नरसाळ्याच्या तोंडावर जाळी हवी होती. आईने तिच्या चिंध्यांच्या पिशवीत हात घातला आणि जुन्या टोपीवरची जाळी काढून दिली.

"ही घे. हिच्यातून मुंगीसुद्धा जाईल. पण कचरा वरच राहील."

"आणि खाली काळोख पाहिजे. काळा कागद आहे का गं?"

"कागद कशाला? मी शिवते की."

आणि खरंच आईने काळ्या अस्तराच्या तुकड्याची बाही शिवली, बाटलीच्या मापाची, वर नाडी घालून. जळकी बाटली ती! तिला कोटाच्या बाहीसारखी आतून दुमड घातली होती. भिंगरी म्हणाली, "आई, किड्यांना काय लग्नाला जायचंय?" तर आई म्हणाली, "काम ते काम." तळाला ओला टिपकागद घातला, वर टेबलावरचा दिवा वाकवून लावला आणि दोघी बाटलीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू आहेस म्हणून," एवढंच म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर भिंगरी उगाच फार गुणाची वाटायची. बाटली तिने केली, धावपळ तिने केली, दादाशी भांडली ती. पण किडा आहे असं तिला वाटत होतं का? हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. विचारायला जरा बसावं लागतं.

पहिल्यांदा तिने गादीचा कोपरा उसवून कापूस नरसाळ्यात घातला. दिवा लावला. दुकानातून जेवणाच्या सुटीत धावत घरी आली, नाडी सोडून बाही खाली केली, भिंगाने बघितलं. टिपकागद कोराच. मग उशी. मग खुर्चीच्या गादीतला भुसा. मग पलंगाखालची धूळ. प्रत्येक वेळी आई स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, "आलं का गं काही?" आणि प्रत्येक वेळी तो प्रश्न थोडा हळू आवाजात यायचा. दुकानात भिंगरीने एका सद्गृहस्थाला दुसऱ्याच्याच नंबराचा चष्मा घातला. तो बिचारा पायरी चुकून पडता पडता वाचला.

"अगं, गादीत नाहीत ते," आई म्हणाली. "मी सांगते ना तुला. रात्री काही होत नाही. कामाला बसले की चढतात. खिडकीच्या अंगाने येतात, डाव्याच हातावर."

"हो, हो, बघू," भिंगरी म्हणाली आणि दुसरी उशी उसवायला घेतली.

खिडकीत काय असणार? एक काच, एक चौकट, रोज ओल्या फडक्याने पुसलेली. किडे म्हटले की गादीत, उशीत, कपाटामागे. हे तिचं ठरून गेलं होतं. शिवाय आई म्हणते त्यात दम असेल असं धरून चाललं तर ना खिडकीकडे जायचं! आईचं बोलणं ती या कानाने घेत होती आणि त्या कानाने सोडत होती. आजारी माणसाचं बोलणं आपण असंच ऐकतो, मान डोलावून.

शनिवार उजाडला तरी बाटली रिकामी होती. आईने विचारणं बंद केलं होतं. तिने आपली हातातली कामं भराभर उरकायला घेतली होती, गिऱ्हाइकांचे कपडे घड्या घालून ठेवले होते. ते बघून भिंगरी चप्पल अडकवून दुकानात पळाली.

दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या फ्रेमांची खोकी पडलेली असायची. त्यातलं एक ओलसर खोकं तिने उचललं, तर पुठ्ठ्याच्या घडीतून बारीक, फिकट किडे सैरावैरा पळाले. टाचणीच्या टोकाएवढे. ओल्या पुठ्ठ्यात होतात तसले, कुणाला न चावणारे, बिनकामाचे. ती बघत राहिली. मग तिने इकडे तिकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मागच्या खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी तिला सगळ्या भिंतींवरचे चष्मे आपल्याकडेच बघताहेत असं वाटलं. काचा पुसायचा निळा रुमाल तिने पसरला, खोकं त्यावर झटकलं, रुमाल चारी बाजूंनी दुमडून चष्म्याच्या डबीत घातला आणि डबी पर्समध्ये.

तिने मनाशी म्हटलं, कुणाचं काय बिघडणार आहे? दादाला किडा पाहिजे, किडा मिळेल. आई घरात राहील. गोळ्या नकोत, भिंती मोजणं नको. खिडकीत बसून आपली रफू करेल. अंगावर चालतंय म्हणाली तर म्हणू दे. हे सगळं तिने इतक्या प्रेमाने ठरवलं, की त्यात आपण काय ठरवतोय हे तिच्या लक्षातच आलं नाही.

रविवारी सकाळी आई आंघोळीला गेली तेव्हा तिने रुमाल बाटलीत झटकला, नरसाळं परत बसवलं, काळी बाही ओढून नाडी बांधली. दिवा लावला. तोवर दारात दादा हजर. हातात मोठी रिकामी बॅग.

"काय मग, शिकारी?" तो म्हणाला. थट्टेच्या सुरातच म्हणाला, पण त्याचेही डोळे जागरणाने लाल होते.

"बघ ना," भिंगरी म्हणाली. "आत्ताच सापडलेत."

दादाने बाही खाली केली, भिंग डोळ्याला लावलं, बाटली खिडकीच्या उजेडात धरली. मग खुर्चीवर टेकला. "अरे देवा," म्हणाला. "आहेत की. हलताहेत." आई केस पुसत बाहेर आली, तेव्हा तो उठून तिच्यापाशी गेला आणि एवढा थोराड माणूस तिच्यापुढे वाकला. "आई, चुकलो मी. तू सांगत होतीस आणि आम्ही तुला वेडी ठरवत होतो. माफ कर."

आईने टॉवेल खांद्यावर टाकला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून भिंगरीला वाटलं, झालं, आपलं सोनं झालं.

"बघू तरी," आई म्हणाली. "इतके दिवस छळलंय मेल्यांनी. तोंड तरी बघू."

ती आपल्या खुर्चीत बसली, भिंग घेतलं, बाटली मांडीवर ठेवली आणि वाकली. आई कुठलीही वस्तू बघायची ती सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कापड बघावं तशी. भिंगरी टेबलापासून दारापर्यंत गेली आणि परत आली. परत गेली. आई बघतच होती. मग तिने नरसाळं उचलून बाजूला ठेवलं, टेबलावरची सुई घेतली, सुईचं टोक बाटलीत घातलं आणि टिपकागदावरून काहीतरी अलगद उचलून उजेडात धरलं.

किडा नव्हता तो. एक धागा होता. पापणीच्या केसाएवढा, निळा.

"हा कुठला गं?" आईने विचारलं. तिने अगदी सहज विचारलं, खरंच माहीत नसल्यासारखं. "हा आपल्या घरातला नाही. असा निळा माझ्याकडे कधी आलाच नाही. पीळ दिलेल्या सुताचा नाही हा, घासून मऊ केलेला आहे." आणि मग ती थांबली. तिच्या स्वतःच्या चष्म्याच्या डबीतही भिंगरीच्या दुकानातला, त्याच निळ्या रंगाचा रुमाल होता.

"काय झालं?" दादा म्हणाला. "धाग्याचं काय एवढं? किडे आहेत ना?"

"आहेत," आई म्हणाली. "पण माझे नाहीत. ओल्या पुठ्ठ्यात होतात तसले हे. तिने आणलेत दुकानातून."

"आई, तुला इथून नेऊ नये म्हणून," भिंगरी कशीबशी म्हणाली. "तुझ्यासाठीच केलं गं मी."

"ते कळलं मला."

"मग सांगितलंस कशाला? गप्प बसली असतीस तर दादा गेला असता ना परत!"

"गप्प बसून काय राहू इथे?" आईचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "दादाने मला तोंडावर सांगितलं, आई, तुला भास होतात. बरं वाटलं नाही, पण निदान मला कळलं होतं की हा कुठे उभा आहे. तू बाटली केलीस. मी तिला बाही शिवली. मला वाटलं, एक तरी माणूस आहे घरात, ज्याला माझं खरं वाटतंय." तिने निळा धागा सुईवरून पुसून टाकला. "बॅग आण रे. निघू या आपण."

दादा बहिणीवर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता तिच्याकडे बघून मान हलवून आत गेला. आतल्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग आईच्या रिळांचा डबा खडखडला. ती रिळं आई कुणाला हात लावू देत नसे. आता तीच एकेक दादाच्या हातात देत होती.

भिंगरी खोलीभर फिरली. पाणी प्यायली. खिडकी उघडली, लावली. आत जाऊन आईच्या पाया पडावं असं वाटलं, पण माफी मागून काय होणार होतं? माफी मागितली तरी आईच्या अंगावरचं आईलाच सोसायचं होतं. आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिच्या मनात साधा प्रश्न आला. आई म्हणते ते खरं असेल तर? कामाला बसल्यावर. खिडकीच्या अंगाने. डाव्याच हातावर.

ती जाऊन आईच्या खुर्चीत बसली. डावी बाही दंडापर्यंत वर सारली, हात खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि हलायचं नाही असं ठरवलं.

तिला बसवेना. पाय हलायला लागला, तो तिने दुसऱ्या पायाने दाबून धरला. मान आखडली. नाकाला खाज सुटली. आत बॅगेची चेन अडकत होती, दादा काहीतरी पुटपुटत होता, उठून मदत करावी असं दहादा वाटलं. तिने खुर्चीचा दांडा उजव्या हाताने गच्च धरला. आई इथे रोज सकाळपासून उजेड जाईपर्यंत बसते, आणि आपण या घरात राहून एकदासुद्धा या खुर्चीत टेकलो नाही, हे तिला तेव्हा कळलं. खिडकीतून ऊन सरकत कठड्यावर आलं. ती बसून राहिली.

आणि मनगटाच्या वर काहीतरी चाललं.

ती दचकली, पण हात हलवला नाही. बघितलं तर काही नाही. पण चाललं होतं, केसाच्या टोकाने कुणी रेघ ओढावी तसं, कोपराकडे. मग आणखी एक. मग सुई टोचावी तशी चुणूक. तिने हळूच भिंग उचललं. करड्या-लाल रंगाचा एक ठिपका होता, पूर्णविरामाहून लहान, आणि तो चालत होता.

तिने मान वर केली. खिडकीच्या वर गुंडाळायच्या पडद्याची जुनी लाकडी पेटी होती, बाहेरच्या अंगाने उघडी, आतून फळी मारलेली. तिच्या फटीतून एक गवताची काडी लोंबत होती. भिंगरी खुर्चीवर चढली, फळी ओढून काढली, आणि मुठी मुठी गवत, पिसं, वाळकी घाण तिच्या अंगावर पडली. कबुतरांनी केव्हाचं घरटं केलं होतं. पिल्लं उडून गेली होती आणि त्यांच्या रक्तावर जगणारी जमात मागे राहून उपाशी मरत होती. खाली, अगदी फटीच्या खाली, दिवसभर न हलणारं एक ऊबदार माणूस बसत होतं.

"दादा!" ती ओरडली.

तिने बाटली धुतली, नवा टिपकागद घातला, घरट्याचं गवत नरसाळ्यात कोंबलं आणि दिवा लावला. दादा हातात रिळांचा डबा तसाच घेऊन येऊन उभा राहिला. फार वाट बघावी लागली नाही. काळी बाही खाली केली तेव्हा पांढऱ्या टिपकागदावर कुणी तिखट शिंपडावं तसं झालं होतं आणि ते सगळं चालत होतं. दादाने भिंग लावलं, काढलं, परत लावलं. मग आपला दंड खाजवायला लागला. मग आत गेला, आणि बॅगेची चेन परत उघडल्याचा आवाज आला.

भिंगरी बाटली दोन्ही हातांत धरून आईपाशी गेली. तिचे हात खाजत होते, जागोजाग लाल झाले होते. आई पलंगाच्या कडेला बसली होती. शेजारी दादा बॅगेतून रिळं काढून डब्यात ठेवत होता, सगळे रंग चुकीच्या खणांत, आणि आई त्याला काही बोलत नव्हती.

"आई, सापडले गं. खरे. तुझे. हे बघ."

आईने तिच्या लाल झालेल्या हाताकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं नाही.

"मला कशाला दाखवतेस?" ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं."